बीडाचा सांगाडा, सागाची फळी : मशीनच्या टेबलाच्या नोंदी

३ ऑक्टोबर २०२५

आत्तीच्या शिलाई मशीनचं पायडलवालं टेबल पुतणीच्या अभ्यासाला चालेल असं करायचं ठरलं. बेळगावातल्या वडगावच्या घरात मागच्या पडवीत ते कित्येक वर्षं उभं आहे. शिवण थांबलं तेव्हापासून त्याच्यावर आधी इस्त्रीचे कपडे, मग जुनी वर्तमानपत्रं, मग इन्व्हर्टरची बॅटरी असा कारभार चालत आला. खंडेनवमीला तेवढं सगळं खाली उतरवायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू ठेवायचा, आणि दसरा झाला की बॅटरी परत वर. यंदा फुलं उतरली आणि बॅटरी चढायच्या आत मापं घेतली.

सांगाडा पूर्ण बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बाजूचे दोन नक्षीदार पाय, मागं त्यांना जोडणारी फुली, खाली पायडल, उजवीकडं मोठं चाक. पाय जमिनीपासून वरच्या कडेपर्यंत ७१ सेंटिमीटर. वरचा लाकडी पाट ८८ बाय ४२, जाडी दोन सेंटिमीटर. पाटाच्या मधोमध मशीनचं डोकं बसायची चौकोनी खाच, साधारण साडेचौदा बाय सात इंच. घरगुती मोठ्या मशीनचं माप हेच असतं, त्यामुळं एका कंपनीचं डोकं दुसरीच्या टेबलावर बसलेलं गावोगाव दिसतं. उजव्या बाजूला दोन खण. खालचा उघडतो, वरचा रुसलाय.

पाटाची अवस्था वाईट. बॅटरीचं पाणी कधीतरी सांडलेलं, वरचा पातळ थर कांद्याच्या पापुद्र्यागत सुटलाय. सांगाडा मात्र दणकट.

काय करायचं यावर घरात चर्चा कमी आणि सल्ले जास्त झाले. भंगारवाला किलोवर मागून गेला. भाचा म्हणतो, वर काच टाका, नक्षीला सोनेरी रंग मारा, कॅफेत असतं तसं. शेजारच्यांना वॉशबेसिनचा स्टँड पाहिजे. बीडाच्या डोक्यावर दिवसातून दहादा पाणी सांडायचं म्हणजे दोन पावसाळ्यांत पायांतून गंजाचे ओघळ फरशीवर येणार, तो विषय तिथंच संपला. काचेचं म्हणाल तर खालची नक्षी दिसते हे खरं. पण अभ्यासाला बसलेल्या पोरीला वही ठेवायची असते, नक्षी बघायची नसते. थंडीत काचेवर कोपर टेकवून दाखवा म्हणावं.

निर्णय शेवटी आत्तीनं दिला. "इकायचं न्हाई. आणि लोखंडाला एक भोक पाडायचं न्हाई. उद्या कुणाला शिवायचं झालं तर मशीन परत चढलं पाहिजे. सांगून ठेवतो."

ही अट ऐकायला साधी वाटते, पण पुढचं सगळं काम तिच्यावरच बेतायचं आहे. म्हणजे कापणं नाही, बीडावर ड्रिल नाही, जुना पाट फेकायचा नाही. सांगाड्याला आधीपासून जी भोकं आहेत तेवढीच आपली. मला विचाराल तर अट शहाणपणाची आहे. या टेबलांचं जे काही वाटोळं होतं ते पहिल्या दिवशी ग्राइंडर हातात घेतल्यानं होतं.

५ ऑक्टोबर

डोकं उतरवलं. आधी चामडी पट्टा चाकावरून सोडवला. पट्टा वाळून कडक झालाय, जोडाची तारेची कडी मात्र शाबूत. मग डोकं मागं कलंडवायचं. ते मागच्या दोन बिजागऱ्यांवर उभं असतं, आणि बिजागऱ्यांचे खुंटे डोक्याच्या पोटातल्या दोन स्क्रूंनी आवळलेले असतात. ते दोन सैल केले की डोकं सरळ वर उचलून येतं. एकट्यानं उचलू नये. वजन आहे, आणि पकडायला सोयीची जागा म्हणून हात नेमका सुई-दाबपट्टीकडं जातो.

डोक्याच्या उजव्या पायथ्याशी क्रमांकाची पट्टी आहे. क्रमांकाआधी इंग्रजी 'वाय' हे अक्षर. मशीन सिंगर कंपनीचं. सिंगरच्या क्रमांकांत हे अक्षर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याचं, १९२० ते १९३५ च्या दरम्यानच्या मालावरचं. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. मशीन आत्तीच्याही आधी घरात आलेलं, तिच्या सासूबाईंनी वापरलेलं, त्यामुळं काळ जुळतो.

याच काळाशी बेळगावचा एक धागा आहे. १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते. त्यांनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकच अधिवेशन, आणि टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याच वेळची. शंभरी गेल्या वर्षी झाली तेव्हा गावात रोषणाई होती, भाषणं झाली. त्या अधिवेशनाच्या दोनच महिने आधी दिल्लीत त्यांना कुणी विचारलं होतं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? तेव्हा त्यांनी अपवाद म्हणून सिंगरच्या शिलाई मशीनचंच नाव घेतलं. बायकोला हातानं टाके घालताना बघवेना म्हणून सिंगरनं मशीन काढलं, अशी गोष्टही सांगितली. गोष्ट गोड आहे. खऱ्या आयझॅक सिंगरनं एकाच वेळी किती संसार मांडले होते हे वाचलं की मात्र हसू येतं. आत्तीला सांगितलं तर म्हणाली, "मशीन चांगलं काढलं की त्यानं. बाकीचं आपल्याला काय करायचंय?"

डोकं जाम आहे. हातचाक फिरत नाही. कारण वास घेतल्यावरच कळलं: कुणीतरी कधीकाळी खोबरेल घातलंय. खायची तेलं काही महिन्यांत चिकट होतात आणि वर्षानुवर्षं राहिली की वार्निश होऊन बसतात. तेलाच्या भोकांत रॉकेल सोडून डोकं कापडावर आडवं ठेवलं. घाई नाही.

८ ऑक्टोबर

सांगाडा सुटा केला आणि घासायला घेतला. मागच्या अंगणात, पडवीत नाही. जुन्या काळ्या रंगात शिसं असायची शक्यता धरून चालावं, म्हणून कोरडं घासलं नाही. रॉकेल-डिझेल लावून तारेचा ब्रश, नाकाला मास्क, खाली जाड प्लास्टिक, आणि निघालेला गाळ गोळा करून वेगळा बांधला. पोरांना अंगणात यायला बंदी.

एवढ्या वर्षांची पूजा नक्षीच्या खाचांत साचलेली आहे. वर हळदकुंकवाचा लाल-पिवळा थर, त्याखाली तेल आणि सुताच्या कापसाचा काळा लगदा, त्याच्याखाली परत कुंकू. पायडलच्या जाळीतून एक टिचबटण निघालं, एक मोडकी सुई, आणि हिरव्या खणाच्या कापडाची बोटभर चिंधी. आत्तीनं चिंधी हातात घेतली, उजेडाला धरली आणि कुणाचं पोलकं होतं ते नावासकट सांगितलं. कापड उत्तर कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचं, तेही सांगितलं. मोतीबिंदू झालाय म्हणतात तिला.

एक गोष्ट उमगली. जिथं तेल आणि कुंकवाचा थर जाड होता तिथलं बीड आजही नवं दिसतंय. गंज चढलाय तो फक्त पायांच्या तळाशी, जिथं फरशी पुसायचं पाणी रोज लागत होतं.

छोटे बोल्ट, नट, पायडलचे टोकदार स्क्रू हे सगळं लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर. किराणा दुकानात मिळतं ते चालतं. सकाळी काढून लगेच खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचे, पुसून कोरडे करायचे आणि तेलाचा हात द्यायचा, नाहीतर तासाभरात पिवळी झाक येते.

चाक आणि पायडल जोडणारा उभा दांडा लाकडी आहे. नंतरच्या मशीनना तो लोखंडी यायला लागला. याला फक्त जवसाचं तेल चोळलं.

११ ऑक्टोबर

घासताना चीर सापडली. मागची फुली डाव्या पायाला जिथं बोल्टनं बसते तिथला कान अर्धा तडकलाय. आतून गंजलेला, म्हणजे जुनी चीर. घर बदलताना किंवा टेम्पोतून उतरवताना कुठंतरी आपटलं असणार. बीड वजन पेलायला पक्कं, दाबाला लोखंडापेक्षा सरस, पण ठोका सोसत नाही. वाकत नाही, तडकतं.

गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्यानं "आणा, एक टाका मारतो" म्हटलं. नको म्हटलं. साध्या वेल्डिंगच्या काडीनं बीड जोडलं की जोडाच्या कडेचा भाग एकदम गरम होऊन एकदम थंड पडतो आणि काचेइतका कडक होतो. मग पुढची चीर त्याच्या शेजारूनच जाते. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, विचारायचं ठरवलं. जिथं रोज बीड ओततात तिथंच ते जोडायची अक्कलही असणार.

१४ ऑक्टोबर

उद्यमबाग. एका छोट्या शेडमध्ये पंपाच्या बॉड्या दुरुस्त करणारे एक वयस्कर मिस्त्री भेटले. बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी. पाय हातात घेऊन त्यांनी आधी छोट्या हातोडीनं टकटक केलं आणि आवाज ऐकला. चांगल्या बाजूला घंटेचा नाद, चिरेच्या बाजूला बद्द.

"इलेक्ट्रिक नको. पितळ भरूया. स्वल्प तडीरी." म्हणजे थोडं थांबा.

आधी त्यांनी ग्राइंडरनं चिरेवर इंग्रजी व्ही आकाराची खाच काढली, चिरेच्या टोकाच्या थोडं पुढंपर्यंत. मग गॅसची ज्योत सगळ्या कानावरून लांबूनच फिरवत राहिले. पहिली काही मिनिटं नुसता धूर. ते तेल जळत होतं. बीडाच्या पोटात तेल मुरतं, आणि ते जळून गेल्याशिवाय पितळ धरत नाही. धूर थांबल्यावर रंग बदलला, मंद लाल झाला. तापलेली पितळी काडी टाकणखारात बुडवून त्यांनी खाचेला टेकवली आणि पितळ आपोआप कडेकडेनं पळत खाचेत भरलं. इथं बीड वितळत नाही, नुसतं पितळ वितळतं. बीड वितळायला साडेअकराशे अंशांच्या वर जावं लागतं, पितळाला नऊशेच्या आसपास पुरतं. म्हणून ताण कमी येतो.

जोड झाला तरी पाय हातात दिला नाही. कळीच्या चुन्याच्या पिंपात पुरून ठेवला आणि म्हणाले, "नाळे बर्री. आज हात लावलास तर चीर माझी न्हवं, तुझी." उद्या या. सावकाश थंड होणं हेच अर्धं काम.

शेडमधून निघताना मनात आलं की या गावाचं आणि बीडाचं नातं उद्यमबागेपेक्षा जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात, आणि त्यांचा लोखंडी नांगरही इथंच जन्मला. लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेत नव्हते, दोन वर्षं नांगर पडून राहिले. पुढं जागेची अडचण आली, ते औंध संस्थानात गेले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. गावात आता किर्लोस्कर रोड आहे, आणि त्यावर कपड्यांची दुकानं.

१६ ऑक्टोबर

पाय आणला. टकटक केलं, आवाज दोन्हीकडं सारखा. पितळाची पिवळी रेघ कानसेनं सपाट केली. रंगाखाली जाईल.

परतीच्या पावसानं रंगाचं काम थांबवलं. हवेत दमटपणा असताना बीडावर प्रायमर मारण्यात अर्थ नाही, खाली ओल अडकते. तेलाचा हात देऊन सगळे भाग कापडात गुंडाळले. दिवाळीनंतर बघू. फराळाच्या भट्टीला पडवी लागणारच आहे.

२५ ऑक्टोबर

ऊन पडलं. थिनरनं पुसून तेल काढलं, एक हात रेड ऑक्साईड, त्यावर दोन पातळ हात काळा, कमी चकाकीचा. जाड एक हात मारला तर नक्षीच्या खाचा बुजतात आणि अक्षरं गुळगुळीत होतात. पायांच्या मधोमध कंपनीचं नाव ओतलेलं आहे, ते सोनेरी करायचं का यावर भाच्यानं परत एकदा अर्ज केला. फेटाळला. पायांच्या तळाला रबरी टोप्या बसवणार, म्हणजे फरशीचं पाणी थेट लागणार नाही. मूळची लोखंडी चाकं काढून, तेल लावून, डबीत ठेवली. अभ्यासाचं टेबल घरंगळून उपयोग नाही.

२८ ऑक्टोबर

आता लाकूड. इथं खरा प्रश्न.

प्लायवूड लावलं की दुपारपर्यंत काम संपतं. सुतारमामांनी तेच सुचवलं, आणि पुढं स्वतःच म्हणाले, "लावतो की. खरं दहा वर्षांनी कड फुगली म्हणून मला बोलवू नकोस." फणसाचं लाकूड मला आवडतं. नवीन असताना हळदीचा पिवळा, मग वर्षावर्षानं तांबूस होत जातो. खानापूर भागात फणस भरपूर, पण वाळलेली फळी हाताशी नाही आणि ओली फळी घेऊन वर्षभर थांबायला पोरीची परीक्षा थांबणार नाही.

म्हणून जुना साग. गावातली जुनी माडीची घरं पडतायत तसं त्यांचं लाकूड बाजूला रचून विकणारे आहेत. तुळया, चौकटी, दारं आणि तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या, फळ्या. तक्तपोशीची फळी या कामाला उत्तम: पाऊण ते सव्वा इंच जाड, घराच्या डोक्यावर पन्नास-साठ वर्षं वाळलेली, जे वाकायचं-पिळवटायचं ते पिळवटून मोकळी झालेली. खालची बाजू चुलीच्या धुरानं डांबरी काळी असते म्हणून लोक नाक मुरडतात. रंध्याच्या पहिल्या हातात काळेपणा निघतो.

फळी निवडताना बघायचं ते एवढंच: टोकाच्या बाजूनं वाढीच्या रेषा बघा, जितक्या उभ्या तितकं चांगलं. नख रुतवून बघा. आणि वाळवी लागली होती का ते टोकाला ठोकून ऐका.

तीन फळ्या घेतल्या. जोडून ४५ सेंटिमीटर रुंदी होईल, जुन्या पाटापेक्षा थोडी जास्त.

२ नोव्हेंबर

काल १ तारीख. एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका, दुसरीकडं मराठी भाषिकांच्या काळ्या दिनाची फेरी. बेळगावात त्या दिवशी टेम्पो मागवायचं कुणाच्या मनातही येत नाही. फळ्या आज आल्या.

रंध्याआधी खिळे शोधले. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून फळीवरून हळूहळू फिरवायचा. जिथं तो ओढ घेतो तिथं खडूनं खूण. डोक्याशिवायचे, आत मोडलेले खिळे यानंच सापडतात. रंध्याचं पातं एका खिळ्यात जातं, आणि सुतारमामांचा मूड त्याच्याबरोबर.

पहिला हात मारला आणि पडवीभर सागाचा तो तेलकट, किंचित चामड्याचा वास. धुराखालून सोनेरी तपकिरी रंग वर आला. खिळ्यांच्या जागी निळसर काळे डाग राहिलेत. सुतारमामा भुसा-गोंदानं भोकं बुजवायला निघाले होते, डाग तसेच ठेवून फक्त भोकं बुजवा म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. "पाहुणे म्हणतील मामानं जुनं लाकूड मारलं." मारलंच आहे की.

फळ्या कडेला कड लावून, फेविकॉल लावून, शिकंज्यात आवळून ठेवल्या. सागाला अंगचं तेल असतं, त्यामुळं ताजी रंधलेली कड त्याच दिवशी जोडायची. दुसऱ्या दिवसावर ठेवली तर चिकटा नीट धरत नाही.

६ नोव्हेंबर

फळी सांगाड्यावर बसवायची कशी, यावर सकाळ गेली.

भरीव लाकूड हलतं. लांबीत नाही, रुंदीत. बेळगावच्या पावसाळ्यात घराघरांत दारं अडकतात आणि मार्चमध्ये तीच दारं खुळखुळतात, ते यामुळंच. ४५ सेंटिमीटर रुंद सागाची फळी पावसाळा ते उन्हाळा तीन-चार मिलिमीटर सहज आत-बाहेर होते. बीड हलत नाही. फळी थेट बीडाला चार स्क्रूंनी जखडली तर ती हलायला जागा शोधणार, आणि जागा नाही मिळाली की मधून फाटणार. एरवी अशा ठिकाणी लोखंडाच्या भोकाचं कानसेनं लांबट भोक करतात. इथं आत्तीची अट.

मग उपाय असा केला. बीडाच्या वरच्या कडेला मूळची चार भोकं आहेत, जुना पाट त्यातूनच खालून स्क्रूनं धरलेला होता. त्या भोकांवर डावी-उजवीकडं एकेक सागाची आडवी पट्टी, दोन सेंटिमीटर जाडीची, बोल्टनं पक्की बसवली. आता लांबट भोकं पाडायची ती बीडात नाही, या पट्ट्यांत. फळी पट्ट्यांना खालून स्क्रूनं धरायची: मधला स्क्रू गोल भोकात घट्ट, पुढचा आणि मागचा लांबट भोकात, वॉशर घालून, हाताला जाणवेल एवढाच आवळायचा. फळी मधोमध जागच्या जागी राहते, दोन्ही कडा मोकळेपणानं हलतात. बीडाला एक ओरखडा नाही.

याचा एक फायदा न मागता मिळाला. सांगाडा ७१, पट्टी २, फळी अडीच: उंची साडेपंचाहत्तर. अभ्यासाच्या टेबलाची रूढ उंची पंचाहत्तर सेंटिमीटर धरतात. शिवताना पाट जरा खाली असलेला बरा, लिहिताना जरा वर. पट्टीनं तेवढा फरक भरून काढला.

सुतारमामा खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे दारालाही करता येईल न्हवं?"

९ नोव्हेंबर

पॉलिश. मामांचा हात चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशवर बसलेला, चकाकी सुंदर आणतात. पण लाखेवर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं, आणि अभ्यास चहाशिवाय होत नाही. उकळलेलं जवस तेल आणि टर्पेंटाईन निम्मं-निम्मं, कापडानं चोळायचं, अर्ध्या तासानं उरलेलं पुसायचं. दुसऱ्या दिवशी परत. डाग पडला तर तेवढीच जागा घासून परत तेल लावता येतं, सगळं टेबल खरवडायला लागत नाही.

वापरलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकायचे नाहीत. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळ्यांचा ढीग आपणहून पेट घेतो. दोरीवर सुटे पसरून वाळवले, मग टाकले.

१२ नोव्हेंबर

पायडलचा प्रश्न. ते मोकळं ठेवलं तर पाय ठेवला की मोठं चाक फिरणार, आणि घरात रांगतं पोर आहे. चाकाच्या आऱ्यांत बोट गेलं तर काय होतं हे आत्तीच्या डाव्या तर्जनीवर बघून घ्यावं. काढून टाकलं तर खाली पोकळ दिसतं, आणि पाय टेकवायला इतकी चांगली जागा जाते.

चाक-पायडल जोडणारा लाकडी दांडा सोडवला. दोन्ही टोकांचे स्क्रू, वॉशर दांड्यालाच बांधून कापडी पिशवीत घातले, पिशवी खालच्या खणात. आता पायडल हललं तरी चाक फिरत नाही. चाकालाही आतून लाकडी पाचर घालून थोपवलं. पायडलखाली फुलीच्या बाजूला सागाच्या उरलेल्या तुकड्याची उतरती पाचर सरकवली, म्हणजे ते पुढं किंचित खाली अशा कोनात स्थिर राहतं. पुतणीनं बसून बघितलं. पहिलं वाक्य: "काका, हे हललं असतं तर मज्जा आली असती." पाचर ओढून काढता येते हे तिला सांगितलेलं नाही.

रुसलेला वरचा खण उघडला. आत बॉबिन, खडूचे तुकडे, मापाची फाटकी टेप, आणि लग्नसराईतली एक वही, मापांची. बाजूच्या पट्ट्या फुगल्या होत्या, हलका रंधा मारून मेणबत्ती घासली.

१६ नोव्हेंबर

जोडणी. चौघांनी उचलून आतल्या खोलीत नेलं. जागेवरून थोडी वादावादी झाली. सगळ्यांच्या डोक्यात खिडकी डावीकडं हवी हे बसलेलं, कारण उजव्या हातानं लिहिताना सावली पडत नाही. पुतणी डावखुरी आहे. टेबल समोरच्या भिंतीला लावलं, खिडकी उजवीकडं आली. खण उजवीकडंच असल्यामुळं तिला सोयीचं झालं: डाव्या हातानं लिहिता लिहिता उजव्यानं खण उघडता येतो.

बसून वही ठेवून दाबून बघितलं, डुगडुगत नाही. मागचा एक पाय फरशीच्या उतारामुळं किंचित अधांतरी होता, तिथली रबरी टोपी बदलून जाड घातली.

आत्ती आली. आधी हात फिरवला तो फळीवर नाही, खाली, बीडाच्या कडेवरून, बोटांनी भोकं मोजत. "चारच हायेत," म्हणाली, आणि मग खुर्चीत बसून पाय पायडलवर ठेवले. हलत नाही म्हटल्यावर तिचंही तोंड पुतणीसारखंच झालं.

जुना पाट पुसून, वाळवीचं औषध मारून, चादरीत गुंडाळून माळ्यावर. त्याच्यावर खडूनं लिहिलंय: चार स्क्रू खालच्या खणात.

डोकं रॉकेलानं सुटलं. हातचाक आता एका बोटानं फिरतं. जुना चिकटा निघाल्यावर प्रत्येक भोकात मशीनचं पातळ तेल सोडलं, आणि खोबरेलाची बाटली पडवीतून हलवली. डोक्याच्या पाठीमागं हँडल किंवा मोटर बसवायची जागा मुळातच आहे, तीही भोक न पाडता. वैनी म्हणते मोटर नको, हँडल बसवा, लाकडी पेटीवर ठेवून बसल्या बसल्या पडदे शिवता येतील. हँडल जुन्या पद्धतीचं, आऱ्यांच्या हातचाकाला लागणारं पाहिजे. खडेबाजारात मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात सांगून ठेवलंय. बॉबिन लांब की गोल ते बघायला शटल घेऊन जायचं आहे. पट्टा सध्या घेत नाही.